डाव्या बाजूचा हूक

चिंतामणीला चूक दिसायची. हा गुण की दुखणं, यावर देवासच्या त्या घरात एकमत नव्हतं. लग्नपत्रिका हातात आली की चारचौघं मुहूर्त बघतात. हा गणपतीची सोंड कुठल्या बाजूला वळवली आहे ते बघायचा आणि पत्रिका छापणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचा. बायको मेधा म्हणायची, "अहो, लग्न त्यांचं, गणपती त्यांचा, तुमच्या पोटात का दुखतं?" चूक दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत त्याला घास गोड लागत नसे, एवढं मात्र खरं.

कारखान्यात उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिनात, तेव्हा त्याने जुना छंदच धंद्यासारखा मांडला. हौशी लोक रेल्वे इंजिनांची छोटी मॉडेल जमवतात. ती दिसायला झकास असतात, पण खऱ्या इंजिनाशी ताडून पाहिली की गफलती निघतात. हॉर्न भलत्याच जागी, पुढचा दिवा खऱ्याहून मोठा, शिडीला एक पायरी जास्त, आणि नंबरातला सात असा की आपल्याकडच्या शेडमधल्या रंगाऱ्याने तो जन्मात काढला नसता. असं मॉडेल मग कापसात गुंडाळून देवासला यायचं. चिंतामणी खऱ्या इंजिनाचे फोटो मिळवायचा, भिंग लावून तासन्‌तास बघायचा, चुकलेला भाग उतरवायचा आणि पितळेच्या तारेतून, पत्र्यातून बरोबर भाग घडवून त्या जागी बसवायचा. पुण्याचे एक गृहस्थ फोनवर म्हणाले होते, "काका, तुमच्या नजरेतून सुटलेली चूक अजून कोणाला सापडलेली नाही." हे वाक्य त्याने मेधाला इतक्यांदा ऐकवलं होतं की आता तीच ते पाहुण्यांना ऐकवायची. कुठल्या सुरात, ते सांगायला नको.

आतल्या खोलीत माई असायची. त्याची आई. काचबिंदूने तिची नजर पार गेली होती, आणि आता डोकंही वाळू सरकावी तसं सरकत चाललं होतं. चहा घेतला की नाही ते तिला आठवायचं नाही. नातू श्रेयस बेंगळुरूहून फोन करायचा, तर फोन ठेवल्यावर ती विचारायची, "कोण होता रे हा गोड बोलणारा?" पण जुनं सगळं लख्ख होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जुन्या गोष्टी बोलू द्या त्यांना. तोच त्यांचा आधार आहे." मेधाने ते वाक्य पदराच्या गाठीला बांधल्यासारखं धरून ठेवलं होतं.

माईचं जुनं म्हणजे कालाकुंड. तिचे यजमान गोपाळराव मूळ धारचे. धारला रेल्वे नव्हती. येणार, येणार असं पिढ्यान्‌पिढ्या नुसतं ऐकायचं. अशा गावच्या मुलाने इंजिन ड्रायव्हर व्हावं हा एक विनोदच होता, पण गोपाळराव झाले. महूहून खांडव्याकडे जाणाऱ्या लहान लाईनीवर, वाफेच्या इंजिनावर. घाटाखाली कालाकुंडला रेल्वेच्या क्वार्टरात नवीन संसार, आणि सोबत सासूबाई. त्या काळी बायकोने चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. गोपाळरावांनी शेडमधल्या लोहाराकडून केबिनच्या बाहेर एक हूक ठोकून घेतला होता, पाण्याची छागल टांगायला. गाडी पाणी घ्यायला थांबली की माई लाईनीच्या कडेने जायची आणि त्या हुकाला डबा अडकवायची. वर बघायचं नाही, बोलायचं नाही. वरून हात यायचा, डबा उचलायचा आणि हुकावर बोटाने दोनदा टकटक करायचा. पोचला, असा त्याचा अर्थ.

"एवढंच आमचं बोलणं हो," माई सांगायची आणि सुरकुतलेली माई नव्या नवरीसारखी लाजायची.

पुण्याच्या त्या गृहस्थांनी हौस आवरती घेतली तेव्हा त्याच जातीच्या इंजिनाचं एक पितळी मॉडेल चिंतामणीला भेट पाठवलं. त्याने ठरवलं की हे माईसाठी करायचं, अगदी वडिलांचं इंजिन. शिट्टीची जागा चुकली होती ती सुधारली, चिमणीचा काठ पातळ होता तो जाड केला, दिवा बदलला. हुकाचा फोटो कुठे मिळणार? त्याने माईला विचारलं. ती म्हणाली, "डावीकडे. ह्यांची बसायची जागा डावीकडे. खिडकीच्या जरा खाली, माझा हात पुरेल इतका." त्याने तारेचा इवलासा हूक डाव्या बाजूला बसवला आणि मॉडेल तिच्या मांडीवर ठेवलं, चिमणी पुढे करून.

माईची बोटं चाचपत गेली. डावा हात केबिनवरून खाली आला आणि हुकाशी थांबला. मग तिने नखाने टक टक केलं. मेधा दारातच डोळे पुसत उभी राहिली. चिंतामणीचेही भरून आले होते, पण तो चष्मा पुसायला लागला.

त्या दिवसापासून रोज दुपारी हाच कार्यक्रम. इंजिन मांडीवर, डावा हात हुकावर, टकटक, आणि मग कालाकुंड. त्या दिवसांत माई जेवण विसरली नाही. एकदा तर तिने श्रेयसला नावाने हाक मारली.

दिवाळीत भाऊबीजेला धारहून चारुलता आली, चिंतामणीची धाकटी बहीण. ओवाळून झाल्यावर तिने पिशवीतून मोठा फोटो काढला. "दादा, काय सापडलंय बघ. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत निगेटिव्ह होती. आमच्याकडच्या स्टुडिओवाल्या भियाने मोठी करून दिली. एक मी फ्रेम करून हॉलमध्ये लावली, ही तुझी."

गाडीच्या गार्डाने कधीतरी काढलेला फोटो. मागे इंजिनाची केबिन, पुढे गोपाळराव, शेजारी नऊवारीतली माई, आणि तिच्या कडेवर काजळाने माखलेलं एक पोर, म्हणजे खुद्द चिंतामणी. केबिनवरचा नंबर गोपाळरावांच्या खांद्याआड गेला होता, बाकीचं इंजिन, कडेची चिमणी सोडली तर, वाफेत. पण हूक दिसत होता. स्वच्छ.

चिंतामणीने भिंग आणलं. फराळाचं ताट तसंच राहिलं. फोटोत इंजिनाची चिमणी उजव्या हाताच्या कडेला होती. म्हणजे समोर दिसते ती इंजिनाची उजवी बाजू. म्हणजे हूक उजवीकडे. त्याने मॉडेलवर बसवला होता डावीकडे.

झालं! घास गोड लागणं संपलं.

"माई, हूक डावीकडे नव्हता. उजवीकडे होता."

"कोण म्हणतं?"

"फोटो म्हणतो."

"फोटो कुठे उभा होता रे, डबा घेऊन?" चारुलता खळखळून हसली. चिंतामणीही हसला, पण भिंग खाली ठेवलं नाही.

"उजवीकडे फायरमन बसायचा," माई म्हणाली. "ह्यांचा डबा मी फायरमनच्या बाजूला कशाला लावीन? मला काय वेड लागलं होतं?"

"भट्टीशी राबणाऱ्या फायरमनला पाणी जास्त लागतं, म्हणून छागल त्याच्या बाजूला असणार. बरोबर आहे ते. माई, किती वर्षं झाली, माणसाला भास होतात. फोटो खोटं बोलत नाही."

दारातून मेधा मान हलवून नको, नको म्हणत होती. त्याला ती दिसली नाही. चूक दिसत असली की त्याला दुसरं काही दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी त्याने डावीकडचा हूक उतरवला, त्या जागेवर कानस फिरवून पितळ गुळगुळीत केलं, आणि हूक उजवीकडे बसवला. मॉडेल माईच्या मांडीवर ठेवलं. तिचा डावा हात गेला आणि रिकाम्या पत्र्यावर फिरत राहिला. मग चिंतामणीने तिचा उजवा हात धरून हुकावर नेऊन ठेवला. "हा इथे. इथेच होता."

माईने हुकाचा वाक एकदा बोटाने चाचपला. मग म्हणाली, "असेल. माझंच चुकत असेल."

त्या दिवशी चिंतामणी पोटभर जेवला. हे लिहिताना राग येतो, पण जेवला.

त्यानंतर माईने इंजिन मागितलं नाही. मेधाने आपण होऊन मांडीवर ठेवलं तर दोन्ही हात बाजूला घेऊन बसायची, कोणाची वस्तू आपल्या हातून फुटेल अशी. कालाकुंडचं नाव काढलं तर म्हणायची, "मला काय आठवतंय, चिंतूला विचारा, त्याच्याकडे फोटो आहे." मग तिचे प्रश्न सुरू झाले. "चिंतू, ह्यांना मिशा होत्या ना रे? फोटोत बघ." होत्या, तो सांगायचा. "मी उंच होते की ठेंगणी?" आणि एकदा जेवता जेवता घास हातात धरून, "माझं लग्न धारलाच लागलं ना रे? की तेही माझ्या मनाचंच?"

मेधाने त्या दिवशी ताट बाजूला सारलं. "तुम्ही नुसता एक हूक नाही हलवलात. आता त्यांना कशाचाच भरवसा राहिला नाही."

"मग काय खोटं सांगायचं होतं?"

"गप्प बसायचं होतं!"

तो चिडून कामाच्या टेबलाशी गेला. एका डिझेल इंजिनाची शिडी चुकली होती, ती उतरवायला घेतली. पण हात चालेना. आतून माईचा आवाज येत नव्हता, आणि पूर्वी या वेळी तो येत असे. मनात त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं की आपण खरं तेच केलं. आपल्याकडे फोटो आहे.

संक्रांतीला चारुलताकडे सुनेचं पहिलं हळदीकुंकू होतं. तिच्या मुलाचं, तरुणचं, मार्गशीर्षात लग्न झालं होतं. सून रुची कुक्षीची, माहेरी हिंदी आणि निमाडी. मराठी तिला कळायचं, बोलताना मात्र गडबडायची. मेधा माईला सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून चिंतामणी एकटाच इंदूरला बस बदलून धारला पोचला. घरात बायकांची धांदल, सतरंजीवर हलव्याच्या दागिन्यांची पेटी. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा घेऊन बसला.

रुची आतून नटून आली. काळी साडी, हलव्याचा हार, आणि नाकात दाबाची नथ. चारुलताने कपाळावर हात मारला. "अगं रुची, उजव्या नाकपुडीत कशी? नथ डावीकडे घालतात आपल्यात! बायका यायच्या आत बदल."

रुची गोंधळली. "पर मम्मीजी, मैंने तो देख के लगाई। आजी ने इधर ही पहनी है ना?" आणि तिने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "मामाजी, आप ही बताओ।"

सगळ्यांनी वर बघितलं. फोटोतल्या माईच्या नाकात मोत्यांची टपोरी नथ होती. उजव्या नाकपुडीत.

"हे काय गं?" चारुलता पुटपुटली. "माईने नथ उजवीकडे कशी घातली असेल?"

चिंतामणीने चहा खाली ठेवला. तो उठून फ्रेमपाशी गेला. वडिलांच्या सदऱ्याचा खिसा बघितला. उजव्या छातीवर. गुंड्या बघितल्या. बायकांच्या कपड्यांना असाव्यात तशा, उलट्या बाजूला. पोराला माईने उजव्या कडेवर घेतलं होतं, आणि माई जन्मभर पोरं डाव्या कडेवर घेत आली, उजवा हात कामाला मोकळा हवा म्हणून. सगळा फोटो ओरडून सांगत होता. किती दिवस भिंग लावून त्याने हा फोटो बघितला होता! हुकाची जाडी मोजली होती, खिळे मोजले होते. फोटोतल्या माणसांकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. त्यात तो स्वतः होता, आईच्या कडेवर, तरीही नाही.

"चारू, निगेटिव्ह कुठाय?"

पेटीतून निगेटिव्ह निघाली. तिची चकचकीत बाजू आपल्याकडे करून त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. अशी धरली की चित्र सुलट दिसतं, हे त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. इंजिनाची चिमणी डावीकडे. म्हणजे इंजिनाची डावी बाजू. वडिलांच्या बसण्याची बाजू. आणि खिडकीच्या जरा खाली, माईचा हात पुरेल इतका, हूक.

"स्टुडिओवाल्याने उलटी छापली वाटतं," चारुलता म्हणाली. "जाऊ दे रे दादा, दुसरी करून घेऊ."

पण त्याने निगेटिव्ह आधीच खिशात घातली होती. स्टुडिओवाल्याने एक फोटो उलटा छापला. आपण काय काय उलटं केलं? हळदीकुंकू सुरू व्हायच्या आतच तो बसस्टँडवर येऊन उभा राहिला. बसमध्ये सगळ्या वाटेने मनाशी घोकत होता, माईला काय सांगायचं. माई, तू बरोबर होतीस. माई, मी चुकलो. असं वाक्य त्याने आजवर कोणाला म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा म्हणून बघावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हूक उजवीकडून उतरवला आणि डावीकडे, जुन्याच जागी, पक्का बसवला. मेधाला सगळं सांगितलं. तिने माईला उशीला टेकवून नीट बसवलं आणि तिचे केस सारखे केले.

"माई, इंजिन आणलंय."

चिमणी पुढे करून त्याने ते मांडीवर ठेवलं. माईचा डावा हात वर आला, केबिनवरून खाली सरकला आणि हुकाशी थांबला. तिचा चेहरा एकदम उजळला. नख उचललं गेलं.

नख तसंच थांबलं. मग हात मागे आला.

"चिंतू, हे चुकलंय रे. हूक उजवीकडे ना?"

"नाही माई. डावीकडेच होता. तू म्हणत होतीस तेच खरं. माझं चुकलं. तो फोटो उलटा छापलेला होता."

"फोटो कसा उलटा असेल? फोटो खोटं बोलत नाही. तूच म्हणालास."

"मी चूक म्हणालो, माई. तुझी नथ बघ ना, फोटोत ती—" तो थांबला. माई काय बघणार होती! त्याने तिचे हात हातात घेतले. "बाबा डावीकडे बसायचे. तुझा डबा डावीकडे. फायरमनच्या बाजूला तू कशाला लावशील? तूच म्हणालीस ना?"

"मी म्हणाले?" माई विचार करू लागली. कपाळावर आठ्या चढल्या. "मी असं म्हणाले? मला नाही रे आठवत. तू उजवीकडे म्हणालास, ते मी पाठ केलं. रोज करते. उजवीकडे, उजवीकडे. आता तू डावीकडे म्हणतोस." तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "मला एकच काय ते सांग, चिंतू. तेवढं धरून बसेन मी. रोज बदलू नको रे."

त्याने पुन्हा तोंड उघडलं. पुरावा होता त्याच्याकडे, खिशात निगेटिव्ह होती. मेधाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो," ती हलकेच म्हणाली, "पुरे."

चिंतामणीने इंजिन उचललं आणि टेबलाशी गेला. मागून माई विचारत राहिली, "नीट करतोयस ना रे?"

"हो माई. करतोय."

हूक उतरवायला वेळ लागला, सकाळी त्याने फार पक्का बसवला होता. डावी बाजू पुन्हा कानशीने गुळगुळीत केली. मग इंजिन फिरवून उजव्या बाजूला, जिथे तो कधीच नव्हता तिथे, हूक बसवला. जाणूनबुजून चूक करायची ही त्याची पहिलीच वेळ. ती त्याने बाकीच्या कामांइतक्याच काळजीने केली, आणि करताना रडला. मेधा मधे आली नाही.

तापवून जोडलेली तार निवल्यावर त्याने ते परत माईच्या मांडीवर ठेवलं.

माईचा हात गेला तो डावीकडेच. केबिनवरून खाली सरकला, खिडकीच्या जरा खाली आला, आणि गुळगुळीत पत्र्यावर थांबला. तिथे थोडा वेळ बोट घुटमळलं. मग तिने स्वतःलाच रागावल्यासारखं च्च केलं, तो हात उचलून घेतला, आणि उजव्या हाताने उजवीकडचा हूक शोधून काढला.

"हां," ती समजूतदारपणे म्हणाली. "आता बरोबर आहे."

हूक तिने चिमटीत धरून ठेवला. चिंतामणी तिच्या पायांशी बसून वाट बघत राहिला. तिने टकटक केलं नाही.